साठवलेल्या पॉइंटांचं नेमकं मोल किती? क्रेडिट कार्डाच्या बक्षिसांचा हिशेब मांडू या

सांजसावली

मंडळी, गेल्या आठवड्यात क्रेडिट कार्डाच्या स्टेटमेंटच्या दुसऱ्या पानावर एक ओळ दिसली: मुदत संपलेले पॉइंट ११,४००. पाच वर्षं हे कार्ड वापरतेय. दर महिन्याला पॉइंट वाढताना बघून बरं वाटायचं. एकदमच काहीतरी मोठं घेऊ, म्हणून कधी हात लावला नव्हता. पॉइंटांची मुदत तीन वर्षं आहे हे अटींत लिहिलेलं होतं, मी वाचलं नव्हतं. फोन केला तेव्हा पलीकडच्या मुलीने शांतपणे सांगितलं की गेलेले पॉइंट परत येत नाहीत.

पण खरं लागलं ते त्यानंतर. नवऱ्याला म्हटलं, इतके पॉइंट गेले. तो म्हणाला, "म्हणजे किती गेले?" मला उत्तरच देता येईना. कॅटलॉगमधली वस्तू घेतली तर पॉइंटला एक भाव, बिलात वळते केले तर दुसरा, विमानाच्या मैलांत, म्हणजे विमान कंपनीच्या तिकिटासाठीच्या पॉइंटांत, बदलले तर तिसरा. पाच वर्षं जे साठवलं त्याची किंमत मला ठाऊक नव्हती.

अजून २६,००० शिल्लक आहेत आणि त्यातल्या काहींची मुदत याच वर्षी संपते. त्यांचं काय करावं? आणि पुढे कार्ड कसं वापरावं, की पदरात खरंच काही पडेल? इथे निरनिराळ्या देशांत राहणारे सभासद आहेत, म्हणून चलनाचं नाव न घेता "शंभरामागे किती" अशाच भाषेत बोलू या. म्हणजे सगळ्यांना उपयोग होईल.

खतावणी

चांगला धागा काढलात. तुमच्या नवऱ्याने विचारलेला प्रश्न पहिल्या दिवशी विचारायचा असतो, आणि बहुतेक जण तो कधीच विचारत नाहीत.

दोन आकडे लागतात. शंभराच्या खर्चावर किती पॉइंट मिळतात हा पहिला. एक पॉइंट खर्चताना त्याचे किती होतात हा दुसरा. दोन्हींचा गुणाकार म्हणजे तुमचा खरा परतावा. जाहिरातीत फक्त पहिला आकडा असतो. एक कार्ड शंभराला ४ पॉइंट देतं आणि पॉइंटचा भाव ०.२५ आहे, तर परतावा १ टक्का. दुसरं शंभराला २ च पॉइंट देतं, पण भाव ०.८ आहे, तर १.६ टक्के. पॉइंटांची संख्या बघून कार्ड घेणं म्हणजे नाण्यांवरचे आकडे न वाचता नुसती नाणी मोजणं.

दुसरा आकडा असा काढा: जी गोष्ट पॉइंट देऊन घेणार तिची बाहेरची रोख किंमत घ्या, पॉइंट देऊनही वर जे कर आणि शुल्क भरावं लागतं ते वजा करा, उरलेल्याला पॉइंटांनी भागा. समजा कॅटलॉगमधली इस्त्री ९,००० पॉइंटांना आहे आणि तीच इस्त्री बाहेर १,३५० ला मिळते. भाव झाला ०.१५. तेच ९,००० पॉइंट बिलात ०.२५ ने वळते केले असते तर २,२५० मिळाले असते. म्हणजे इस्त्री विकत घेऊन वर ९०० उरले असते. मी आजवर जेवढे कॅटलॉग तपासले, त्यात वस्तूंचा भाव जवळजवळ नेहमी सगळ्यात कमी निघाला. आणि कॅटलॉगमध्ये छापलेली "मूळ किंमत" धरू नका, दुकानात आज ती वस्तू कितीला मिळते ते बघा.

आणखी एक बारीक गळती. पुष्कळ कार्डांवर पॉइंट टप्प्याने मिळतात. "दर पूर्ण शंभरामागे ४" असं असेल तर १९० च्या खरेदीला ८ नव्हे, ४ च पॉइंट मिळतात. ज्यांच्या खरेद्या लहान आणि पुष्कळ असतात त्यांचा परतावा कागदावरच्या आकड्यापेक्षा बराच खाली येतो. अशा छोट्या खर्चांना टप्पा नसलेलं साधं कॅशबॅक कार्ड बरं.

दूरदेशी

खतावणींचा हिशेब बरोबर आहे, पण त्यावरून सगळ्यांनी पॉइंट बिलात वळते करून मोकळं व्हावं असा अर्थ कुणी काढू नये. पॉइंट विमान कंपनीच्या मैलांत बदलून तिकीट काढलं तर भाव कितीतरी वर जातो. साध्या वर्गाला मला ०.५ ते ०.७ मिळतो. बिझनेस क्लासला एकदा २ च्या वर मिळाला होता.

ही पद्धतही मुळात विमान कंपन्यांचीच. अमेरिकन एअरलाइन्सने १ मे १९८१ ला अ‍ॅडव्हान्टेज नावाची मैलांची योजना सुरू केली, १९८७ मध्ये सिटीबँकेने त्याच मैलांचं कार्ड काढलं, आणि विमानात पाऊल न ठेवता मैल जमवायची सोय झाली. रोख परतावा देणारं डिस्कव्हर कार्ड १९८६ चं. आज आपण ज्या दोन वाटांबद्दल बोलतोय त्या तेव्हापासूनच्या आहेत.

पॉइंट मैलांत बदलणाऱ्यांनी एवढं पाळा: आधी हव्या त्या तारखेला मैलांवरची जागा शिल्लक आहे का ते बघा, मगच पॉइंट हलवा. एकदा हलवले की सहसा परत येत नाहीत. काही ठिकाणी मिनिटांत पोचतात, काही ठिकाणी दिवस लागतात, आणि तेवढ्यात जागा गेली तर मैल अडकून पडतात. बदलाचं प्रमाणही तपासा, एकास एक आहे की दोनाला एक.

ओंजळ

@दूरदेशी, तो २ चा भाव कसा काढलात? बिझनेस क्लासच्या छापील किमतीला पॉइंटांनी भागून ना? माझा प्रश्न एवढाच आहे की पॉइंट नसते तर ते तिकीट तुम्ही रोख पैसे देऊन काढलं असतं का? नसतं काढलं, तर त्या प्रवासाची तुमच्या दृष्टीने किंमत छापील आकडा नाही. साध्या वर्गाचं तिकीट आणि वर आरामासाठी तुम्ही खुशीने जेवढं जास्त दिलं असतं तेवढं, अशी बेरीज धरा. अशा हिशेबाने २ चा भाव बहुधा ०.८ च्या आसपास येतो.

मी हे टोचून बोलत नाही. अशाच फुगलेल्या आकड्यांवर विसंबून मी एका महागड्या कार्डाची वार्षिक फी तीन वर्षं भरली, म्हणून कळकळीने सांगतेय.

दूरदेशी

प्रश्न रास्त आहे. नसतं काढलं. त्या प्रवासापुरता तुमचा हिशेब मान्य.

पण उलट उदाहरणही सांगतो. दोन वर्षांपूर्वी आई अचानक आजारी पडली. दुसऱ्या दिवशी निघायचं होतं. रोख तिकीट नेहमीच्या तिप्पट झालं होतं, आणि मैलांवरची एक जागा मात्र नेहमीच्याच मैलांत उपलब्ध होती. ते तिकीट मी कितीही पडले असते तरी काढलंच असतं, त्यामुळे तिथे छापील किंमत हीच खरी किंमत. भाव १.४ पडला. रात्री दीड वाजता ती जागा नक्की झाली तेव्हाचं मी विसरलेलो नाही. तेव्हापासून मी एका जाण्यापुरते मैल कायम बाजूला ठेवतो, त्याहून जास्त साठवत नाही.

जास्त न साठवण्याचं कारण असं की मैलांचा भाव कंपनी स्वतः ठरवते आणि हवा तेव्हा बदलते. डेल्टा या विमान कंपनीने २०१५ मध्ये कुठल्या प्रवासाला किती मैल हा तक्ता काढून टाकला, युनायटेडने २०१९ मध्ये, अमेरिकनने २०२३ मध्ये. आता बऱ्याच ठिकाणी रोख भाडं चढलं की मैलही चढतात, त्यामुळे मला मिळाली तशी जागा आज सहज मिळेलच असं नाही. ज्याची टांकसाळ त्याचंच दुकान. अशा चलनात बचत करायची नसते, ते खर्चून टाकायचं असतं.

खतावणी

"ज्याची टांकसाळ त्याचंच दुकान" हे लिहून ठेवलं. बँकेतल्या पैशावर निदान व्याज मिळतं. पॉइंटांवर काही मिळत नाही आणि भाव उतरण्याचा धोका सगळा आपला. सांजसावली, तुमच्या बाबतीत तर मुदतच संपली. काही कार्यक्रमांत मुदत मिळवल्याच्या तारखेपासून मोजतात. काहींत १८ किंवा २४ महिने खात्यात काहीच हालचाल झाली नाही तर सगळेच जातात, तिथे एखादी छोटी उलाढाल केली तरी घड्याळ पुन्हा शून्यापासून सुरू होतं. तुमचं कार्ड कुठल्या प्रकारातलं आहे ते बघा, दोन्हींवरचे उपाय वेगळे आहेत.

पारवा

मी या धाग्यावर लिहू की नको असा विचार दोन दिवस करत होतो. लिहितोच.

वर सगळे ०.२५ आणि ०.६ बद्दल बोलत आहेत. हे सगळं दर महिन्याला पूर्ण बिल भरणाऱ्यांसाठी आहे. मी चौदा महिने "मिनिमम ड्यू", म्हणजे बिलातली किमान रक्कमच, भरत होतो, आणि त्याच चौदा महिन्यांत पॉइंटही जमवत होतो. पाच टक्के परताव्याच्या ऑफर शोधून खरेदी करत होतो. आंधळं दळत होतं आणि कुत्रं पीठ खात होतं.

आकडे बघा. समजा व्याज महिना ३ टक्के आहे. १०,००० चं बिल, त्यावर दीड टक्क्याने बक्षीस १५०. तुम्ही निम्मंच भरलं. उरलेल्या ५,००० वर एका महिन्याचं व्याज तेवढंच, १५०. झालं, बक्षीस संपलं. आणि प्रत्यक्षात एवढ्यावर भागत नाही. पूर्ण बिल न भरल्यास अनेक कार्डांवर खरेदीच्या तारखेपासून व्याज लागतं, आणि पुढच्या नव्या खरेदीलाही बिनव्याजी दिवस मिळत नाहीत. आज केलेल्या खरेदीवर आजपासूनच व्याज चढू लागतं. कार्डाने रोख काढली तर पहिल्या दिवसापासून व्याज, वर शुल्क, आणि पॉइंट बहुधा शून्य.

मी शेवटी कमी व्याजाचं कर्ज घेऊन ते खातं बंद केलं. आता एकच कार्ड आहे. त्याचं संपूर्ण बिल खात्यातून आपोआप कापलं जाईल अशी सूचना बँकेला दिली आहे, मिनिममची नव्हे, संपूर्ण रकमेची. दोन्ही पर्याय एकाखाली एक असतात, नीट बघून निवडा. ज्यांच्यावर आज थकबाकी आहे त्यांना हात जोडून सांगतो, पॉइंटांचा विचार बाजूला ठेवा. थकबाकी फेडण्याइतका परतावा कुठलंही कार्ड देत नाही.

सांजसावली

पारवा, तुम्ही लिहिलंत ते फार बरं केलं. माझं बिल दर महिन्याला पूर्ण भरलं जातं, पण ते मी हाताने भरते आणि गेल्या वर्षी एकदा तारीख चुकली होती. आजच आपोआप भरण्याची सूचना देते.

ओंजळ

पारवांच्या मुद्द्याला जोडून. व्याज भरत नसलो तरी कार्डाने आपला हात सैल होतो. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाचे ड्रेझन प्रेलेक आणि डंकन सिमेस्टर यांचा एक प्रयोग २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. विद्यार्थ्यांकडून बास्केटबॉलच्या सामन्याच्या तिकिटांसाठी बोली मागवल्या. निम्म्यांना सांगितलं पैसे रोख द्यायचे, निम्म्यांना सांगितलं कार्डाने. कार्डवाल्यांची सरासरी बोली रोखवाल्यांच्या साधारण दुप्पट होती. तिकिटं तीच, सामना तोच. एक-दीड टक्क्याच्या बक्षिसासाठी पाच टक्के जास्त खर्च होत असेल तर आपण कुठे आहोत ते प्रत्येकाने आपापल्या वहीत बघावं. मी कार्ड घेतलं त्याच्या आधीच्या सहा महिन्यांचा घरखर्च आणि नंतरच्या सहा महिन्यांचा असे दोन्ही लिहून काढले होते. फरक बघून दुसरं कार्ड परत केलं.

आता वार्षिक फीबद्दल, कारण माझे तीन वर्षांचे पैसे तिथेच गेले. बहुतेक जण हिशेब असा करतात: फी १,०००, परतावा २.५ टक्के, म्हणजे ४०,००० खर्चाला फी वसूल. मीही तसाच केला होता. तो चुकीचा आहे. फी नसलेलं कार्ड तुमच्याकडे आधीच असेल आणि ते १ टक्का देत असेल, तर महागड्या कार्डाची खरी कमाई २.५ नाही, वरचे १.५ टक्केच. म्हणजे फी वसूल व्हायला ६६,६६७ खर्च लागतो. आणि त्यात ज्यांवर पॉइंट मिळतच नाहीत असे खर्च धरायचे नाहीत. माझ्या कार्डावर घरभाडं, विमा आणि इंधन तिन्ही वगळलेले होते. माझा निम्मा खर्च तिथेच होता.

फीच्या बदल्यात मिळणाऱ्या विमानतळावरच्या लाउंजचंही तेच. वर्षातून खरंच किती वेळा गेलो ते मोजा, आणि दाराशी पैसे देऊन किती वेळा गेला असता तेही स्वतःला विचारा.

वळणवाट

माझा एक नेमका प्रश्न आहे. माझ्या कार्डावर वर्षाला ३,००,००० खर्च झाला तर जादा बोनस मिळतो, त्याची किंमत साधारण ३,००० धरता येईल. माझा खर्च २,८२,००० झालाय, वर्ष संपायला पाच आठवडे आहेत. नेहमीच्या खर्चाने ९,००० होतील. बाकीचे करावेत का?

खतावणी

९,००० कमी पडतायत आणि ते भरले तर ३,००० मिळतायत, म्हणजे या शेवटच्या ९,००० वर परतावा ३३ टक्के. इतका दर एरवी कुठे मिळत नाही, तेव्हा प्रयत्न करण्यासारखा आहे. पण कसा? पुढच्या दोन महिन्यांत जो खर्च होणारच आहे तो अलीकडे ओढा. गाडीची देखभाल, मुलांची वर्षाची फी, चष्मा, आधीच ठरलेली मोठी खरेदी. त्या खर्चाला बोनसच्या मोजणीत धरतात का ते आधी अटींत वाचा. काही कार्डांत पॉइंट न मिळणारा खर्च टप्प्यासाठी मात्र मोजतात, काहींत तेही नाही. व्यवहाराची नोंद कधी होते तेही बघा. शेवटच्या दिवशी केलेली खरेदी दोन दिवसांनी नोंदली गेली तर ती पुढच्या वर्षात जाऊ शकते. निदान आठवडाभर हातात ठेवा.

ओढण्यासारखं काहीच नसेल आणि नको असलेली ९,००० ची वस्तू घ्यावी लागणार असेल, तर चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला. सोडून द्या.

आणि टप्पा पार झाला की ते कार्ड बाजूला ठेवा. ३,००,००१ व्या खर्चाला पुन्हा साधाच दर मिळतो, तिथून दुसरं कार्ड वापरणं फायद्याचं असू शकतं. नव्या कार्डाच्या स्वागत-बोनसलाही हाच नियम लागतो. वर्षातल्या ठरलेल्या मोठ्या खर्चाच्या आधी कार्ड घ्यावं, कार्ड घेऊन मग खर्च शोधू नये.

रातकिडा

मी दुकानांना कार्डाची यंत्रं पुरवणाऱ्या कंपनीत नऊ वर्षं काम करते. "माझ्या खरेदीला जादा पॉइंट का मिळाले नाहीत" याचं उत्तर बहुतेक वेळा चार आकड्यांत असतं, म्हणून तेवढं सविस्तर सांगते.

प्रत्येक दुकानाला यंत्र देताना धंद्याचा एक चार आकडी कोड लावला जातो. त्यासाठी आयएसओ १८२४५ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. किराणा आणि सुपरमार्केट ५४११, उपाहारगृह ५८१२, पेट्रोल पंप ५५४१, वीज-पाणी-गॅस ४९००. तुमच्या कार्डाच्या बँकेला सहसा तुम्ही काय घेतलं ते दिसत नाही. दुकानाचं नाव, कोड आणि रक्कम एवढंच दिसतं. त्यामुळे सुपरमार्केटमधून प्रेशर कुकर घेतला तरी तो किराणाच. मोठ्या दुकानातल्या औषधांच्या काउंटरला वेगळं यंत्र असेल तर कोड औषधांचा, सामाईक यंत्र असेल तर दुकानाचा. आणि हॉटेलातल्या उपाहारगृहात जेवलात तर कोड कधी उपाहारगृहाचा लागतो, कधी मुक्कामाच्या हॉटेलचा.

यावरून करण्यासारखं एकच: ज्या दुकानात तुम्ही वर्षभर खर्च करणार, तिथे आधी एक छोटी खरेदी करा आणि स्टेटमेंटमध्ये किती पॉइंट लागले ते बघा. कोड चुकीचा वाटला तरी तो बदलणं तुमच्या हातात नसतं. दुकानदाराला मात्र तो त्याच्या बँकेकडून दुरुस्त करून घेता येतो.

पैसे मधल्या एखाद्या वॉलेटमधून गेले तर कोड वॉलेटचा लागू शकतो आणि जादा पॉइंट जातात. वॉलेट भरणं, पैसे पाठवणं असे रोखीसारखे व्यवहार बहुतेक कार्डांनी वगळले आहेत, आणि त्याला कारण आहे. अमेरिकेच्या टांकसाळीने एक डॉलरची नाणी चलनात यावीत म्हणून ती दर्शनी किमतीला, पोस्टखर्च न लावता घरपोच विकायला काढली होती. लोक कार्डावर हजारोंनी नाणी मागवू लागले, ती तशीच बँकेत भरून बिल फेडायचे आणि मैल ठेवून घ्यायचे. शेवटी २०११ च्या जुलैमध्ये टांकसाळीने त्या विक्रीसाठी कार्ड घेणं बंद केलं. असा फेरा चालवणाऱ्यांचे पॉइंट किंवा खातंच बंद करण्याचा हक्क कार्ड कंपन्या अटींमध्ये राखून ठेवतात. त्या वाटेला जाऊ नका.

माल परत केला की पॉइंटही परत जातात, हे लक्षात असू द्या. ते आधीच खर्चले असतील तर शिल्लक उणे होते.

सुपंथ

थोडं अवांतर वाटेल, पण मला हे महत्त्वाचं वाटतं. ही बक्षिसं येतात कुठून?

दुकानदार प्रत्येक कार्ड-व्यवहारावर शुल्क भरतो. त्यातला मोठा वाटा इंटरचेंज म्हणून कार्ड देणाऱ्या बँकेला जातो, आणि आपले पॉइंट बऱ्याच अंशी त्यातून येतात. बाकीचे पैसे पारवांनी भरलं तसल्या व्याजातून येतात. म्हणून जिथे इंटरचेंजवर मर्यादा आली तिथे बक्षिसं आटली. युरोपीय संघाने २०१५ च्या नियमाने ग्राहकांच्या क्रेडिट कार्डांवर ०.३ टक्के आणि डेबिट कार्डांवर ०.२ टक्के ही कमाल मर्यादा घातली. ऑस्ट्रेलियाच्या रिझर्व्ह बँकेने २००३ मध्ये क्रेडिट कार्डांवरचं इंटरचेंज सरासरी सुमारे ०.९५ टक्क्यांवरून सुमारे ०.५५ वर आणलं, आणि तिथेही कार्डांनी पॉइंट कमी केले. आपल्या देशात परतावा कमी का आणि शेजारच्या देशात जास्त का, याचं पुष्कळसं उत्तर इथे सापडतं.

दुकानदार ते शुल्क सगळ्यांच्याच किमतीत मिसळतो, रोख देणाऱ्याच्याही. बोस्टनच्या फेडरल रिझर्व्ह बँकेच्या २०१० मधल्या अभ्यासात अमेरिकेतलं रोखीने व्यवहार करणारं सरासरी कुटुंब वर्षाला १४९ डॉलर कार्डवाल्यांकडे वळते करतं आणि कार्ड वापरणाऱ्या सरासरी कुटुंबाला १,१३३ डॉलर मिळतात असा हिशेब मांडला होता. मी हे वाचल्यावर कार्ड टाकून दिलं नाही, पण ओळखीच्या लहान दुकानदाराला मी रोखच देतो. माझा पाऊण टक्का गेला तरी चालतो मला.

ज्यांना फक्त हिशेब हवाय त्यांच्यासाठी: दुकानदार कार्डावर वेगळे २ टक्के लावत असेल आणि तुमचा परतावा १ टक्का असेल, तर तिथे कार्ड काढायचंच नाही. परदेशी चलनातल्या खरेदीवर लागणारं शुल्कही असंच परताव्यातून वजा करून बघा. ते बहुतेकदा परताव्यापेक्षा मोठं असतं.

दूरदेशी

@सुपंथ, परदेशाच्या मुद्द्यात भर घालतो. यंत्रावर "तुमच्या चलनात भरायचं की इथल्या?" असं विचारलं तर तिथलंच चलन निवडा. आपल्या चलनाचा पर्याय घेतला तर दर दुकानदाराकडची बँक लावते आणि तो जवळजवळ नेहमी महाग पडतो. पॉइंटांनी तो फरक भरून निघत नाही.

सांजसावली

सगळ्यांचे मनापासून आभार. दहा दिवसांनी परत येतेय, कारण मध्ये सगळं करून बघितलं.

माझं कार्ड शंभराला ४ पॉइंट देतं, बिलात भाव ०.२५, म्हणजे परतावा १ टक्का. कॅटलॉगमधल्या सहा वस्तू तपासल्या. सगळ्यात चांगला भाव ०.१७ निघाला. विमानाच्या मैलांना प्रमाण दोनाला एक. बहिणीकडे जायचं तिकीट मला काढायचंच आहे. रोख ९,४००, किंवा १२,५०० मैल आणि वर १,९०० कर. म्हणजे २५,००० पॉइंटांत ७,५०० वाचले असते, भाव ०.३०. बिलात वळते करण्यापेक्षा चांगला. दूरदेशींनी सांगितल्याप्रमाणे पॉइंट हलवण्याआधी जागा बघितली, तर माझ्या तारखेला मैलांवरची जागा नव्हती. दोन दिवसांनंतर होती, पण त्यासाठी दोन दिवसांची बिनपगारी रजा घ्यावी लागली असती. सोडून दिलं. सगळे २६,००० बिलात वळते केले. ६,५०० कमी झाले.

वार्षिक फीचा हिशेब ओंजळच्या पद्धतीने केला. फी ८००. माझ्याकडचं बिनफीचं कार्ड अर्धा टक्का देतं, म्हणजे फरक अर्ध्या टक्क्याचा, आणि फी वसूल व्हायला १,६०,००० खर्च लागतो. विमा आणि वीजबिल वगळून माझा होतो १,४०,०००. म्हणजे हे कार्ड मला दरवर्षी १०० ने महागच पडत होतं. कार्ड बंद करायला फोन केला तर त्यांनी या वर्षीची फी माफ केली. वर्षभर ठेवते, अकरा महिन्यांनंतरची आठवण फोनमध्ये लावली आहे. पुढच्या वर्षी फी माफ झाली नाही तर आधी शिल्लक पॉइंट वळते करून मगच बंद करेन, कारण बंद केल्यावर उरलेले पॉइंट जातात असं त्या मुलीने स्वतःहून सांगितलं.

आणि नवऱ्याला काल उत्तर दिलं. गेलेले ११,४०० पॉइंट म्हणजे २,८५०. त्याने आकडा ऐकला, उठला आणि स्वतःच्या कार्डाचं स्टेटमेंट काढलं. दुसऱ्या पानावर होतं: ७,२०० पॉइंट, मुदत पुढच्या महिन्याच्या १८ तारखेला.